ॲट्रॉसिटीचा खटला अर्थसंकल्पातच हरतो!

दरवर्षी मार्च महिन्यात राज्याचा अर्थसंकल्प विधिमंडळात मांडला जातो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत काय स्वस्त आणि काय महाग याची चौकट येते. आपल्या चळवळीतील अभ्यासू कार्यकर्ते सामाजिक न्याय विभागाला किती मिळाले, शिष्यवृत्तीचे काय झाले, महामंडळांच्या वाट्याला काय आले एवढे पाहतात आणि निषेधाचे पत्रक काढतात. ते योग्यच आहे. परंतु गृह विभागाच्या मागण्यांचे पुस्तक मात्र आपल्यापैकी फारसे कोणी उघडत नाही. पोलीस हा सरकारचा विषय, आपला संबंध गुन्हा नोंदवून घेण्यापुरता, असा आपला समज झाला आहे. हा समज आपल्याला फार महागात पडला आहे.

गावात अत्याचार होतो. आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, गुन्हा दाखल होतो. पुढे काही वर्षांनी आरोपी निर्दोष सुटतात. मग आपण पोलिसांना दोष देतो, सरकारी वकिलाला दोष देतो, फुटलेल्या साक्षीदाराला दोष देतो. या दोषात तथ्य नाही असे कोण म्हणेल? पण तपासाला वेळेवर अधिकारी मिळाला नाही, साक्षीदाराला संरक्षण मिळाले नाही, खटल्याला स्वतंत्र न्यायालय मिळाले नाही, या साऱ्या उणिवांची सुरुवात मंत्रालयात होते. जे पद मंजूर नाही त्या पदावर माणूस बसत नाही. ज्या कामाला तरतूद नाही ते काम कागदावर राहते. ॲट्रॉसिटीचा खटला सत्र न्यायालयात उभा राहण्याच्या कितीतरी आधी अर्थसंकल्पात हरलेला असतो, ही गोष्ट समाजबांधवांनी नीट समजून घेतली पाहिजे.

परमपूज्य बाबासाहेबांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. त्यांचा १९२५ साली प्रकाशित झालेला ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावर आहे, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. पण त्यातून काही शिकतो का? मुंबई विधिमंडळात गेल्यावर २४ फेब्रुवारी १९२७ रोजी बाबासाहेब बोलायला उभे राहिले ते अर्थसंकल्पावर. त्यानंतर महिनाही झाला नव्हता तेव्हा, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. रस्त्यावरचा लढा आणि सरकारच्या तिजोरीचा हिशेब ही दोन्ही कामे तो एकच नेता त्याच महिन्याभरात करीत होता. आपण मात्र त्यातले पहिले काम घेतले आणि दुसरे सोडून दिले.

कायद्याने मागितलेली माणसे

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ हा केवळ शिक्षेचा कायदा नाही. तो आणि त्याखालील १९९५ चे नियम एकत्र वाचले तर त्यात मनुष्यबळाची एक यादीच दिसते. नियम ७ प्रमाणे तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याने करायचा. त्याचा पूर्वानुभव, क्षमता आणि न्यायबुद्धी पाहून त्याची नेमणूक करायची. साठ दिवसांत तपास पूर्ण करून दोषारोपपत्र दाखल करायचे. नियम ८ प्रमाणे राज्य मुख्यालयात संरक्षण कक्ष हवा. नियम ३ प्रमाणे अत्याचारप्रवण क्षेत्रे निश्चित करून तेथे विशेष पोलीस बळ ठेवायचे. कलम १४ प्रमाणे अनन्य विशेष न्यायालये हवीत आणि दोषारोपपत्रापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवायचा. कलम १५ प्रमाणे विशेष सरकारी वकील हवेत. २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ प्रमाणे पीडित व साक्षीदार यांना संरक्षण, प्रवासखर्च, निर्वाहखर्च आणि गरज पडल्यास स्थलांतर द्यायचे.

यातली प्रत्येक ओळ पैशाची आहे. अधिकारी म्हणजे पगार. संरक्षण म्हणजे शिपाई आणि वाहन. न्यायालय म्हणजे न्यायाधीश, लिपिक, इमारत. खुद्द नियम १४ राज्य सरकारला बजावतो की पीडितांच्या साहाय्यासाठी आणि पुनर्वसनासाठी वार्षिक अर्थसंकल्पात तरतूद केली पाहिजे. कायदा करणाऱ्यांनी अर्थसंकल्पाचे नाव घेऊन जबाबदारी टाकली आहे. तरीही नवे पद मागितले की उत्तर ठरलेले असते : आकृतिबंधात बसत नाही, वित्त विभागाची सहमती नाही.

एक उपअधीक्षक आणि साठ दिवस

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचेच पाहू. शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तेथे हा तपास सहायक पोलीस आयुक्ताकडे जातो. ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकाच्या हाताखालील उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे जातो. एका उपविभागात अनेक पोलीस ठाणी. त्या सर्व ठाण्यांवर देखरेख याच अधिकाऱ्याची. गणेशोत्सव, उरूस, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे, आरक्षणाची आंदोलने यांचा बंदोबस्तही त्याचाच. मार्च २०२३ मध्ये किराडपुऱ्यात दंगल उसळली, पोलिसांची वाहने जाळली गेली. अशा वेळी सारे पोलीस दल रस्त्यावर उतरते. ते उतरलेच पाहिजे. पण त्या काळात पैठण किंवा गंगापूर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरच्या मारहाणीच्या गुन्ह्यातील साठ दिवस थांबत नाहीत.

समजा एका उपअधीक्षकाकडे एकाच वेळी ॲट्रॉसिटीचे दहा गुन्हे तपासावर आहेत. साठ दिवसांत दहा घटनास्थळे, दहा पंचनामे, प्रत्येक गुन्ह्यात आठ-दहा साक्षीदारांचे जबाब, जातीचे दाखले, वैद्यकीय अहवाल. बंदोबस्ताचे दिवस त्यातून वजा करा. काय उरते? मग प्रत्यक्षात जबाब हाताखालचा अंमलदार लिहितो आणि साहेब सही करतात. सर्व जबाब एकाच साच्यातले, शब्दशः सारखे. बचाव पक्षाचा वकील उलटतपासात तेवढाच धागा ओढतो. साक्षीदार म्हणतो, मी असे सांगितलेच नव्हते. न्यायालयात काम करणाऱ्या प्रत्येक वकिलाला हे दृश्य पाठ आहे.

दर्जाचा हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. मध्य प्रदेश सरकार विरुद्ध चुन्नीलाल या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने केलेला तपास ॲट्रॉसिटी कायद्याखालील गुन्ह्यापुरता टिकत नाही. म्हणजे मारहाणीचा गुन्हा राहतो आणि जातीय अत्याचाराचा गुन्हा गळून पडतो. घटनेतून जात वगळली जाते. यावर सत्ताधाऱ्यांना सुचलेला उपाय काय? पदे वाढवण्याऐवजी दर्जा उतरवणे! २०२२ च्या प्रारंभी महाराष्ट्रात हा तपास पोलीस निरीक्षक व सहायक निरीक्षक यांच्याकडे देण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि चळवळीतून त्याला विरोध झाला. विरोध बरोबरच होता. पण त्याबरोबर आपण एक प्रश्न विचारायला हवा होता : मग उपअधीक्षकांची स्वतंत्र पदे किती वाढवणार आणि कोणत्या वर्षाच्या अर्थसंकल्पात?

खैरलांजी ते खर्डा

२२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात राज्यांना आदेश दिला की गुन्ह्यांचा तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही दोन कामे वेगळी करा. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आधीच्या मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिल्याचा राग होता, आणि त्या प्रकरणातील आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटले होते. साक्ष देणाऱ्या बौद्ध कुटुंबाच्या दारात त्या संध्याकाळी एक पोलीस उभा असता तर? तो का नव्हता याचे उत्तर जातीयवादी मानसिकतेत आहेच. पण साक्षीदाराच्या दारात पोलीस ठेवण्याची कायमची व्यवस्था, त्यासाठीची माणसे आणि वाहन, हे त्या वेळी कोणत्याही ठाण्याच्या हिशेबात नव्हते हेही तितकेच खरे. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आणि २०१० साली नागपूर खंडपीठाने आरोपींना शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे सिद्ध झाल्याचे मानले नाही.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या शाळकरी मुलाची हत्या झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार उलटले. ज्याला त्याच गावात राहायचे आहे, त्याच गावच्या शेतात मजुरीला जायचे आहे, त्याने कोणाच्या भरवशावर सत्य सांगावे? त्याआधी पावणेदोन वर्षांपूर्वी कलम १५-अ लागू झाले होते. कायद्यात संरक्षण होते, गावात नव्हते.

चौकातला कॅमेरा, कोठडीतला कॅमेरा

आता साधनसामग्रीकडे वळू. आपल्या शहरात स्मार्ट सिटी योजनेतून चौकाचौकांत कॅमेरे बसले. जिल्हा वार्षिक योजनेतून पोलिसांना नवी वाहने मिळतात, पालकमंत्री झेंडा दाखवतात, छायाचित्र छापून येते. वाहन ही एकदाच करायची खरेदी असते. पद मात्र दरवर्षी पगार मागते. म्हणून खरेदीला मंजुरी लवकर मिळते आणि पदाला मिळत नाही. वाहन येते, पण चालक आणि तपास करणारा अधिकारी येत नाही.

आणि कॅमेरा कोणाकडे तोंड करून आहे हाही प्रश्न आहे. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, रात्रीही दिसेल असे व आवाज टिपणारे कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण दीर्घकाळ जतन करण्याचा आदेश दिला. चौकातला कॅमेरा नागरिकावर नजर ठेवतो, कोठडीतला कॅमेरा पोलिसांवर. यापैकी कोणता कॅमेरा आधी बसतो आणि कोणता कायम बंद असतो, हे ज्याने त्याने आपल्या ठाण्यात जाऊन पाहावे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर भीमसैनिकांची धरपकड झाली. कायद्याचा विद्यार्थी असलेला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. गुन्हा नोंदवा हे सांगायला औरंगाबाद खंडपीठाला ४ जुलै २०२५ रोजी आदेश द्यावा लागला, आणि त्या आदेशाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथेही ३० जुलै रोजी सरकार हरले. त्याच जुलै महिन्यात या सरकारने विधिमंडळात जे विधेयक मंजूर करून घेतले त्याचे नाव काय? विशेष जनसुरक्षा विधेयक! या सुरक्षेतल्या 'जना'त आपण येतो की नाही, एवढाच आपला सवाल आहे.

येथे काही बांधव म्हणतील, पोलिसांना आणखी पैसा कशाला मागता? १९७८ च्या नामांतर दंगलीत मराठवाड्यातील आपली घरे जळाली तेव्हा पोलीस कुठे होते? ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात दहा जणांचे बळी घेणारी गोळी कोणाची होती? हा आक्षेप रास्त आहे आणि तो विसरून चालणार नाही. म्हणूनच आपली मागणी सरसकट 'पोलीस वाढवा' अशी असू शकत नाही. तशी मागणी केली तर लाठ्या, ढाली आणि अश्रुधुराची नळकांडी वाढतील. आपल्याला मागायचे आहे ते नाव घेऊन : केवळ ॲट्रॉसिटी तपासासाठी उपअधीक्षक, साक्षीदार संरक्षणासाठी वेगळे मनुष्यबळ, कोठडीतले चालू कॅमेरे, अनन्य विशेष न्यायालय. तपासाचा अधिकारी बंदोबस्ताला पाठवायचा नाही, ही अट त्याच शासन निर्णयात हवी. आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४ आहेच, त्याचा वापर व्हावा.

पैसा आहे, पण कोणत्या खिशातला?

पैसा नाही ही सबब खोटी आहे. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांचा होता. शिवाय नागरी हक्क संरक्षण कायदा आणि अत्याचार प्रतिबंध कायदा यांच्या अंमलबजावणीसाठी केंद्र पुरस्कृत योजना आहे. ठरलेल्या बांधील खर्चाच्या वर राज्य जो खर्च करील त्याचा अर्धा वाटा केंद्र उचलते. त्यात संरक्षण कक्ष, विशेष न्यायालये आणि विशेष पोलीस ठाणीही येतात. बिहार, मध्य प्रदेश, केरळ या राज्यांनी अशी ठाणी काढली. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये नागरी हक्क अंमलबजावणी संचालनालयाची ३३ विशेष पोलीस ठाणी सुरू केली. फुले-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राला हे का जमू नये?

मात्र एक सावधगिरी हवी. हा खर्च गृह विभागाच्या '२०५५ पोलीस' या लेखाशीर्षातून, इमारत असेल तर '४०५५' मधून आणि न्यायालयांचा '२०१४' मधून झाला पाहिजे. अनुसूचित जाती घटक कार्यक्रमाच्या पैशातून नव्हे. २०२५-२६ साठी त्या कार्यक्रमाला २२,६५८ कोटी रुपये दाखवले गेले आणि त्याच वर्षी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. आपल्याच जिल्ह्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी सामाजिक न्याय मंत्री या नात्याने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. आपल्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा पैसा घेऊन आपल्यालाच संरक्षण द्यायचे, ही चलाखी आपण चालू देता कामा नये. नागरिकाच्या जिवाचे रक्षण हे सरकारचे मूळ कर्तव्य आहे, ती कल्याणकारी योजना नव्हे.

दुसरी सावधगिरी कंत्राटीकरणाची. २०२३ मध्ये मुंबई पोलिसांसाठी सुमारे तीन हजार जणांचे मनुष्यबळ राज्य सुरक्षा महामंडळाकडून कंत्राटी पद्धतीने घेण्याचा निर्णय झाला. कंत्राटी जागेला आरक्षणाची बिंदुनामावली नाही आणि कंत्राटी माणसाला कायद्याने तपासाचा अधिकार नाही. म्हणून पद कायमचे, मंजूर आणि आरक्षणासह भरलेले हवे.

आता करायचे काय?

मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला गेला की ओरडून उपयोग नसतो. खात्यांकडून अंदाज त्याच्या कितीतरी महिने आधी मागवले जातात. पदनिर्मितीचा प्रस्ताव गृह विभागातून वित्त विभागाकडे आणि उच्चस्तरीय सचिव समितीकडे जातो. त्याच काळात आपले निवेदन तेथे पोहोचले पाहिजे, आणि त्यात नुसती भावना नको, आकडा हवा.

तो आकडा आपल्याला जिल्ह्यातच मिळू शकतो. नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झालीच पाहिजे. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. हेच जिल्हाधिकारी जिल्हा नियोजन समितीचे सदस्य-सचिवही असतात. म्हणजे अत्याचाराची आकडेवारी ज्याच्या टेबलावर येते, त्याच्याच टेबलावरून जिल्ह्याच्या विकासाचा निधी जातो. दक्षता समितीतील आपल्या अशासकीय सदस्यांनी प्रत्येक बैठकीत लेखी ठराव मांडावा : किती गुन्हे साठ दिवसांच्या पुढे गेले, त्या काळात तपास अधिकारी किती दिवस बंदोबस्तावर होता, किती साक्षीदारांना प्रवासभत्ता मिळाला, कोठडीतले किती कॅमेरे चालू आहेत. चहा पिऊन, हजेरीपटावर सही करून परतणारा सदस्य समाजाच्या कामाचा नाही.

प्रत्येक तालुक्यातील एका वकील कार्यकर्त्याने माहितीच्या अधिकारात ही माहिती दर सहा महिन्यांनी मागवावी. नियम १६ प्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीची बैठक जानेवारी आणि जुलैमध्ये व्हायला हवी. ती झाली का, इतिवृत्त कुठे आहे, हेही विचारावे. आपल्या मतांवर निवडून आलेल्या आमदाराला गृह विभागाच्या मागण्यांवर कपात सूचना द्यायला लावावी. तो १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला हार घालायला येतोच, तेव्हा त्याला हा एक प्रश्न सर्वांसमोर विचारावा. आणि एवढे करूनही सरकार हलले नाही, तर हेच आकडे घेऊन उच्च न्यायालयात जनहित याचिका करता येते. भावनेपेक्षा तारीखवार आकड्यांना न्यायालयात उत्तर देणे सरकारला फार जड जाते.

मोर्चे काढावे लागतील, ते थांबवून चालणार नाही. पण मोर्चा घटना घडल्यावर निघतो. पुढच्या घटनेच्या वेळी तपासाला मोकळा अधिकारी असेल की नाही, साक्ष देणाऱ्या आपल्या मायबहिणीच्या दारात शिपाई असेल की नाही, हे आज मंत्रालयात ठरत आहे. तेथे आपला माणूस, आपला कागद आणि आपला आकडा पोहोचला पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्यातील वकील बांधवांनी आणि कार्यकर्त्यांनी येत्या दक्षता समितीच्या बैठकीपासूनच या कामाला लागावे. जयभीम!